व्हीएमची हार्डवेअर आवृत्ती वाढवावी की आहे तशी राहू द्यावी?

मेघमाला

नमस्कार. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय प्रणालीवर चालणाऱ्या आमच्याकडच्या होस्ट सर्व्हरच्या अपग्रेडचे काम गेल्या महिन्यात पूर्ण झाले. ६.७ वरून ते आता ८.० अपडेट २ वर आहेत. त्यांवर एकूण १४३ व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले आभासी संगणक, चालतात. बहुतेकांची व्हर्च्युअल हार्डवेअर आवृत्ती १३ ते १५ च्या दरम्यान आहे, अकरा व्हीएम अजून आवृत्ती ८ वर आहेत आणि दोन तर ७ वर. होस्ट बदलले तरी या आवृत्त्या आपोआप बदलत नाहीत हे मला माहीत आहे, आणि आज एकाही व्हीएमची काही तक्रार नाही.

वरिष्ठांचे म्हणणे असे की होस्ट नवे झालेच आहेत, तर एका शनिवार-रविवारी सगळ्या व्हीएम आवृत्ती २१ वर नेऊन विषय संपवावा. मला हे घाईचे वाटते, पण बैठकीत ठाम कारणे मांडायची तर मला स्वतःला ती नीट समजली पाहिजेत. आवृत्ती वाढवून नेमके काय मिळते, काय बिघडू शकते आणि बिघडले तर मागे कसे यायचे, याबद्दल ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खटपट्या

चालत्या गाड्याला खीळ घालू नये. माझे मत एवढेच.

दीपस्तंभ

खटपट्या यांचे मत पुष्कळ वेळा बरोबर ठरते, पण इथे ते अर्धेच बरोबर आहे असे वाटते, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

हार्डवेअर आवृत्ती म्हणजे व्हीएमला दिलेला कागदावरचा मदरबोर्ड. कोणती उपकरणे दिसतील, किती प्रोसेसर आणि किती मेमरी देता येईल, खऱ्या प्रोसेसरच्या कोणत्या सूचना आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोहोचतील, हे सारे त्या एका आकड्यावरून ठरते. व्हीएमच्या व्हीएमएक्स फाइलमध्ये ती एक साधी ओळ असते. पण तो आकडा वाढला की आतल्या विंडोजला किंवा लिनक्सला आपली डिस्क उचलून दुसऱ्या यंत्रात बसवल्यासारखे वाटू शकते. बहुतेक वेळा तिला फरक जाणवतही नाही, परंतु आवृत्त्यांमधले अंतर जितके मोठे तितकी जाणवण्याची शक्यता जास्त.

मिळते काय, याची उदाहरणे पाहा. आवृत्ती ७ वर एका व्हीएमला ८ व्हर्च्युअल प्रोसेसर देता येत, ८ वर ३२, ११ वर १२८ आणि १८ पासून ७६८. वेगवान डिस्कसाठीचा एनव्हीएमई कंट्रोलर आणि सिक्युअर बूट आवृत्ती १३ पासून आले, व्हर्च्युअल टीपीएम (कूटलेखनाच्या चाव्या सुरक्षित ठेवणारी आभासी चिप) १४ पासून. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, त्यामुळे ज्यांना ते रीतसर बसवायचे आहे त्यांना १४ च्या खाली राहता येत नाही. यांपैकी कशाचीही गरज नसलेल्या, चार प्रोसेसर आणि १६ जीबी मेमरीवर सुखाने चालणाऱ्या फाइल सर्व्हरला १५ वरून २१ वर नेऊन काहीही मिळत नाही. उत्पादक कंपनीचाही सल्ला हाच आहे की नव्या सोयींची गरज नसेल तर आवृत्ती वाढवणे आवश्यक नाही.

सोनचाफा

माझा एक मूलभूत प्रश्न आहे. आमच्या एका जुन्या व्हीएमला ई-१००० हे नेटवर्क कार्ड आहे. आवृत्ती वाढवली की ते आपोआप व्हीएमएक्सनेट-३ (व्हीएमवेअरचे स्वतःचे आभासी कार्ड) होते का? आणि या यादीत १२ आणि १६ हे आकडे का दिसत नाहीत?

दीपस्तंभ

@सोनचाफा, नाही. ई-१००० हे ई-१०००च राहते आणि डिस्कचा एलएसआय कंट्रोलरही तोच राहतो. ते बदलणे हे वेगळे काम आहे आणि ते वेगळ्या दिवशी करावे, म्हणजे काही बिघडले तर कशामुळे बिघडले ते कळते. १२ आणि १६ या आवृत्त्या वर्कस्टेशन व फ्यूजन या डेस्कटॉपवरच्या उत्पादनांसोबत आल्या. ईएसएक्सआय ज्याचा भाग आहे त्या व्हीस्फिअरच्या मुख्य आवृत्त्यांनी ते आकडे ओलांडले, म्हणून तुम्हाला ते दिसत नाहीत.

कुंपणापलीकडे

दीपस्तंभ यांच्या प्रतिसादात एक महत्त्वाची बाजू राहून गेली आहे. आवृत्ती वाढवण्याचे कारण केवळ नवी सोय हे नसते, सुरक्षितता हेही असते.

जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले. त्यावरच्या उपायासाठी प्रोसेसरच्या मायक्रोकोडमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या आज्ञावलीत) नव्या सोयी आल्या आणि आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमने त्या वापरायच्या होत्या. मात्र व्हीएमची हार्डवेअर आवृत्ती किमान ९ असेल तरच होस्ट त्या सोयी आत पोहोचवतो. म्हणजे मेघमाला यांच्या त्या तेरा व्हीएममध्ये आतली ऑपरेटिंग सिस्टिम कितीही अद्ययावत असली तरी हे संरक्षण अपुरे आहे. शिवाय आवृत्ती ११ पासून पीसीआयडी ही सोय आत दिसते आणि तिच्यामुळे मेल्टडाउनवरच्या उपायाने येणारा मंदपणा बराच कमी होतो. त्यामुळे "चालत्या गाड्याला खीळ नको" हे सूत्र त्या तेरा व्हीएमना लावता येणार नाही. त्या चालत आहेत, पण कुलूप न लावता चालत आहेत.

आणखी एक बारकावा सांगतो. प्रोसेसरच्या नव्या सोयी व्हीएमला फक्त पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू होताना मिळतात, आतून नुसते रीस्टार्ट केल्याने मिळत नाहीत. आमच्याकडे याच गैरसमजात तीन आठवडे गेले. सगळ्या व्हीएम रीस्टार्ट झाल्या म्हणून अहवालावर सही झाली होती, आणि नंतर एका लिनक्स व्हीएममध्ये प्रोसेसरची माहिती उघडून पाहिली तर अपेक्षित खुणा तिथे नव्हत्या.

खटपट्या

@कुंपणापलीकडे, हे मला माहीत नव्हते. माझे वाक्य १३ ते १५ या आवृत्त्यांपुरते मर्यादित समजावे. बाकीच्यांबद्दल मी ते मागे घेतो.

जुनापुराणा

काय बिघडू शकते, याचा अनुभव सांगतो. गोष्ट जुनी आहे पण मेघमाला यांच्या आवृत्ती ७ च्या व्हीएमना लागू पडेल.

ईएसएक्स ३.५ च्या काळातली आवृत्ती ४ ची एक व्हीएम होती, आत विंडोज सर्व्हर २००८. ती मी थेट ८ वर नेली. व्हीएमवेअर टूल्स (व्हीएमच्या आत बसवायचे ड्रायव्हर व साहाय्यक सॉफ्टवेअर) आधी अपग्रेड करायची हे वाचले होते, पण रात्र बरीच झाली होती आणि नंतर करू म्हणून तो टप्पा मागे ठेवला. व्हीएम सुरू झाली, लॉगिनचा पडदा आला, सगळे ठीक वाटले. मात्र ती पिंगला उत्तर देईना. कन्सोलमधून आत जाऊन पाहिले तर नेटवर्कच्या खिडकीत "लोकल एरिया कनेक्शन २" असे नवे नाव होते आणि पत्ता आपोआप मिळवण्यावर होता. विंडोजने कार्ड नवे समजून जुन्याचा स्थिर आयपी पत्ता जुन्यापाशीच ठेवला होता. तोच पत्ता नव्या कार्डाला देऊ लागलो तर संदेश आला की हा पत्ता आधीच दुसऱ्या अॅडॅप्टरला दिलेला आहे आणि तो अॅडॅप्टर आता संगणकात नाही. जे नाही त्याने पत्ता अडवून ठेवला होता.

उपाय असा होता. कमांड प्रॉम्प्टमध्ये अस्तित्वात नसलेली उपकरणे दाखवण्याचे व्हेरिएबल १ करायचे, त्याच खिडकीतून डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, लपलेली उपकरणे दाखवा हा पर्याय निवडायचा, मग फिकट रंगात जे जुने कार्ड दिसते ते काढून टाकायचे. त्यानंतर पत्ता मुकाट्याने स्वीकारला गेला. काम पाच मिनिटांचे होते, पण कारण शोधण्यात पहाट झाली.

तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे. आधी टूल्स, मग आतून एक रीस्टार्ट, मग नेटवर्कची सगळी माहिती एका मजकूर फाइलमध्ये उतरवून व्हीएमच्या बाहेर ठेवणे, मग व्यवस्थित शटडाउन, मग स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणीची नोंदलेली स्थिती), आणि सर्वांत शेवटी आवृत्ती. टूल्समध्ये नव्या उपकरणांचे ड्रायव्हर असतात, म्हणून त्या आधी हव्यात. क्रम उलटा झाला तर उपकरण आधी येते आणि त्याला ओळखणारा मागाहून.

पाणकळा

स्नॅपशॉट घेतला की निर्धास्त. महिनाभर ठेवायचा, काही वाटलेच तर मागे जायचे. आम्ही असेच करतो.

जुनापुराणा

@पाणकळा, याला माझा स्पष्ट विरोध आहे. स्नॅपशॉटमध्ये जुनी हार्डवेअर आवृत्ती नोंदलेली असते आणि मागे गेल्यास ती परत मिळते, हे खरे. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये असे उत्पादकच सांगतो, कारण बदलांची फाइल वाढत जाते, डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइली ठेवण्याची जागा) भरत जातो आणि शेवटी एकत्रीकरणाला फार वेळ लागतो.

त्याहून मोठा प्रश्न डेटाचा आहे. समजा डेटाबेसची व्हीएम आहे, सोमवारी आवृत्ती वाढवली आणि गुरुवारी काही दोष सापडला. स्नॅपशॉटवर मागे गेलात तर हार्डवेअर आवृत्तीसोबत तीन दिवसांच्या नोंदीही जातील. म्हणून स्नॅपशॉटचा आधार फक्त पहिल्या काही तासांचा, तपासणी पूर्ण होऊन वापरकर्ते आत येईपर्यंतचा. त्यानंतर मागे जाण्याचा मार्ग वेगळा आहे. जुन्या आवृत्तीची नवी रिकामी व्हीएम तयार करायची आणि तिला त्याच डिस्क जोडायच्या. डेटा तसाच राहतो, फक्त भोवतीचे यंत्र बदलते. यात मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) बदलतो हे लक्षात ठेवा. मॅकवर बांधलेला एखाद्या सॉफ्टवेअरचा परवाना किंवा डीएचसीपीमधली राखीव नोंद असेल तर ती मोडते, म्हणून जुना मॅक पत्ता आधीच टिपून ठेवावा.

पाणकळा

डेटाचा मुद्दा मी या बाजूने कधी पाहिला नव्हता. आमच्या एका व्हीएमवर आजही चाळीस दिवसांचा स्नॅपशॉट आहे. आजच तो काढण्याचे नियोजन करतो.

बोधीवृक्ष

व्हीएमएक्स फाइलमधला तो आकडाच हाताने कमी केला तर? मी घरच्या प्रयोगशाळेत करून पाहिले आहे, चालले.

दीपस्तंभ

प्रयोगशाळेत चालते, कारण तिथल्या व्हीएमला त्या जुन्या आवृत्तीत नसलेले कोणतेही उपकरण बहुधा जोडलेले नसते. त्याच फाइलमध्ये एनव्हीएमई कंट्रोलर किंवा टीपीएम यांच्या ओळी असतील तर जुन्या आवृत्तीला त्यांचा अर्थच लागणार नाही. शिवाय हा मार्ग अधिकृत नाही. चालत्या कामाच्या यंत्रावर मी तो कोणालाही सुचवणार नाही.

ध्रुवतारा

मेघमाला, तुम्ही ज्याचा उल्लेख केला नाही तोच प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमच्या आपत्कालीन केंद्रातले, म्हणजे मुख्य केंद्र बंद पडल्यास काम सांभाळणाऱ्या केंद्रातले, होस्ट कोणत्या आवृत्तीचे आहेत?

विचारण्याचे कारण सांगते. नवा होस्ट जुनी व्हीएम चालवतो, पण जुना होस्ट नवी व्हीएम चालवत नाही. हा एकदिशा रस्ता आहे. मी पूर्वी जिथे काम करत होते तिथे मुख्य केंद्राचे होस्ट नवे झाले, उत्साहाने सगळ्या व्हीएमची आवृत्ती वाढवली गेली, आणि आपत्कालीन केंद्राचे होस्ट पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत जुनेच राहिले. डिस्कची प्रतिकृती रोज रात्री बिनचूक पोहोचत होती आणि अहवालात सगळे हिरवे होते. वार्षिक सरावाच्या दिवशी आम्ही तिकडे व्हीएम सुरू करायला गेलो तेव्हा पहिलीच सुरू होईना, कारण तिची हार्डवेअर आवृत्ती त्या होस्टला चालत नव्हती. मग दुसरी, मग तिसरी. त्या खोलीत आम्ही सहा जण होतो आणि तिसऱ्या व्हीएमनंतर कोणीच काही बोलत नव्हते.

जुनापुराणा यांनी सांगितलेल्या मार्गानेच, म्हणजे रिकाम्या व्हीएम बनवून डिस्क जोडून, आम्ही एकोणीस यंत्रे उभी केली. दोन तासांचा सराव अकरा तास चालला. तो सराव होता म्हणून निभावले. खरी आपत्ती असती तर त्या अकरा तासांत काय झाले असते याचा विचार मी अजूनही करते.

मेघमाला

@ध्रुवतारा, आपले मनापासून आभार. आत्ताच पाहिले. आपत्कालीन केंद्रात ७.० अपडेट ३ आहे. म्हणजे तिथे जास्तीत जास्त आवृत्ती १९ चालेल आणि वरिष्ठांच्या सूचनेप्रमाणे २१ वर गेलो असतो तर एकही व्हीएम तिकडे उठली नसती. आमच्या योजनेच्या कागदात या केंद्राचा उल्लेखच नव्हता.

सप्तर्षी

मी जरा वेगळ्या बाजूने बोलतो. सगळ्यांनी सावधगिरी सांगितली, ती योग्यच आहे, पण व्हीएम जुन्या आवृत्तीवर अनिश्चित काळ ठेवण्याचीही किंमत असते. पाच वर्षांनी एखाद्या सोयीची अचानक गरज लागते, तेव्हा ७ वरून २१ अशी उडी घाईत आणि दडपणाखाली मारावी लागते. जुनापुराणा यांचा प्रसंग मोठ्या उडीतूनच घडला. थोड्या थोड्या अंतराने, शांतपणे वर येत राहणे मला जास्त सुरक्षित वाटते. एकाच आवृत्तीवर सगळ्या व्हीएम असल्या की देखभालही सोपी होते, कारण कोणती सोय कोणत्या व्हीएममध्ये आहे हे लक्षात ठेवावे लागत नाही.

दीपस्तंभ

सप्तर्षी यांच्या एकसारखेपणाच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, फक्त ती एक आवृत्ती "सर्वांत नवी" असण्याऐवजी "आपल्या सर्वांत जुन्या होस्टला चालणारी" असावी. मेघमाला यांच्या बाबतीत ती १९. यासाठी व्हीसेंटरमध्ये (सगळे होस्ट सांभाळणारे सॉफ्टवेअर) क्लस्टरवर (होस्टच्या गटावर) किंवा डेटासेंटरवर डीफॉल्ट सुसंगतता, म्हणजे नव्या व्हीएमची हार्डवेअर आवृत्ती, ठरवून ठेवता येते. ती आधी १९ करा, नाहीतर जुन्या व्हीएमची काळजी घेताना नव्या बनणाऱ्या व्हीएम मात्र २१ वर जन्माला येत राहतील. नव्या व्हीएमचा साचा असलेले टेम्प्लेटही विसरू नका. टेम्प्लेटची आवृत्ती थेट वाढवता येत नाही, ते आधी व्हीएममध्ये बदलावे लागते.

आणि एखाद्या विक्रेत्याने तयार स्थितीत दिलेली अप्लायन्स व्हीएम असेल तर तिला विक्रेत्याच्या सूचनेशिवाय हात लावू नका. तिथे तांत्रिक अडचण आली नाही तरी सपोर्ट नाकारला जाण्याची भीती असते.

निळावंती

आम्ही व्हीएमवेअर वापरत नाही, केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवणारी सोय) वापरतो. पण तत्त्व तेच असल्याने लिहिते. तिथे याला मशीन टाइप म्हणतात आणि व्हीएम तयार होताना तो आवृत्तीसह तिच्या एक्सएमएल सेटिंग फाइलमध्ये नोंदला जातो. होस्टवर व्हीएमची उपकरणे उभी करणारे क्यूईएमयू नवे झाले तरी व्हीएम जुन्याच मशीन टाइपवर राहते. चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवता यावी यासाठीच ती स्थिरता ठेवलेली आहे.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. त्याच कुळातली आवृत्ती वाढवणे वेगळे आणि आय-४४०-एफएक्सवरून क्यू-३५ वर जाणे वेगळे. पहिला १९९६ चा चिपसेट, दुसरा २००७ चा. जुन्यात पीसीआय, नव्यात पीसीआय एक्स्प्रेस. मी एका लिनक्स व्हीएमचा मशीन टाइप असा बदलला तेव्हा नेटवर्क कार्डाचे नाव ईएनएस-३ वरून ईएनपी-१-एस-० झाले, कारण ती नावे कार्ड कोणत्या जागी बसले आहे यावरून ठरतात. नेटवर्कची सेटिंग फाइल जुन्या नावाची वाट पाहत राहिली आणि व्हीएम जगापासून तुटली. आता मी असा बदल करण्यापूर्वी त्या फाइलमध्ये नावाऐवजी मॅक पत्त्यावरून कार्ड ओळखण्याची सोय करून ठेवते.

तळटीप

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये याला कॉन्फिगरेशन आवृत्ती म्हणतात. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ ची ५.०, २०१६ ची ८.०, २०१९ ची ९.०, २०२२ ची १०.०. तिथेही ती आपोआप वाढत नाही, पॉवरशेलमधून वाढवावी लागते, आणि वाढवल्यावर कमी करता येत नाही. क्लस्टरमधले सगळे होस्ट नवे होईपर्यंत थांबावे हा नियम तिथेही तसाच लागू आहे.

सोनचाफा

१४३ व्हीएम रात्री बसून एकेक बंद करणे शक्य आहे का? काही सोय असते का?

कुंपणापलीकडे

असते. व्हीसेंटरमध्ये आवृत्ती वाढवण्याचे काम पुढच्या रीस्टार्टसाठी नोंदवून ठेवता येते. मासिक पॅचिंगच्या वेळी व्हीएम तशीही रीस्टार्ट होतेच, त्याच वेळी हे काम होऊन जाते. त्यात "आतली ऑपरेटिंग सिस्टिम नीट शटडाउन झाली असेल तरच अपग्रेड करा" असा एक पर्याय असतो, तो अवश्य निवडा. अन्यथा एखादी व्हीएम दुपारी कोसळून पुन्हा उठली तर त्याच गोंधळात तिची आवृत्तीही बदलेल आणि तपास करणाऱ्याला दोन बदलांमधला दोषी शोधत बसावे लागेल.

मेघमाला

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण इथे इतक्या जणांनी वेळ दिला तर पुढे काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

बैठकीत मी ध्रुवतारा यांचा आपत्कालीन केंद्राचा मुद्दा सर्वांत आधी मांडला आणि "सगळ्या व्हीएम २१ वर" हा प्रस्ताव तिथेच मागे पडला. क्लस्टरची डीफॉल्ट सुसंगतता १९ केली. आवृत्ती ७ आणि ८ च्या तेरा व्हीएम प्राधान्याने घेतल्या, रोज दोन किंवा तीन, जुनापुराणा यांच्या क्रमाने. त्यांतल्या एका आवृत्ती ७ च्या व्हीएममध्ये टूल्स इतक्या जुन्या होत्या की नव्या टूल्स बसण्याआधी त्या पूर्ण काढाव्या लागल्या. दुसरीत विंडोजने दोन डेटा डिस्क ऑफलाइन ठेवल्या. धोरणामुळे डिस्क ऑफलाइन आहे असे डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिहून आले होते आणि हाताने ऑनलाइन केल्यावर सगळा डेटा जागच्या जागी होता. बाकी अकरांना काहीही झाले नाही. प्रत्येकीचा स्नॅपशॉट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढला.

उरलेल्या १३० पैकी फक्त सहांना व्हर्च्युअल टीपीएमची गरज आहे. त्यांतल्या ज्या १३ वर आहेत त्या पुढच्या पॅचिंगसोबत १९ वर जातील. दोन अप्लायन्स व्हीएम जशा आहेत तशा ठेवल्या. इतरांचा विचार आपत्कालीन केंद्राचे होस्ट बदलल्यावर करायचा असे लेखी ठरले आहे.

ध्रुवतारा

हे वाचून फार बरे वाटले. एक विनंती: वाढवलेल्या तेरांपैकी निदान एक व्हीएम वार्षिक सरावाची वाट न पाहता आत्ताच आपत्कालीन केंद्रात सुरू करून पाहा.

मेघमाला

काल सुरू करून पाहिली. नेटवर्क तोडून ठेवले होते. चार मिनिटांत लॉगिनचा पडदा आला, डेटा डिस्क दिसल्या आणि आवृत्ती १९ दाखवत होती.